बायो झालं, आता इंजिनिअरिंगकडे वळता येईल का?

या महिन्यात आलेल्या पत्रांत चार पत्रं जवळजवळ एकाच विषयावर आहेत, शिक्षण बायोलॉजीचं झालंय आणि पुढचं इंजिनिअरिंगमधे करायचंय. दरवर्षी ॲडमिशनच्या तोंडावर हा प्रश्न येतोच, आणि मी स्वतः बायोप्रोसेस, म्हणजे जिवाणू-पेशी मोठ्या टाक्यांत वाढवून त्यांच्याकडून औषधं, लशी बनवून घ्यायचं तंत्र, शिकवते त्यामुळे अशी मुलं माझ्या वर्गातही बसलेली असतात. म्हणून यावेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवून सगळी जागा यालाच देतेय.

प्रश्न : ताई, मी सांगलीला एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीनंतर मॅथ्स सोडलं, पीसीबी घेतलं, नीटला मार्क कमी पडले म्हणून बीएस्सीला आले. पण प्रोजेक्टमधे फर्मेंटेशन केलं आणि ते इतकं आवडलं की आता बायोप्रोसेसमधे एमटेकच करायचंय असं वाटतं. आमचे एक सर म्हणतात बायोवाल्यांना इंजिनिअरिंग झेपत नाही, दोन वर्षं फुकट जातील. मॅथ्सला हात लावून सात वर्षं होत आली. खरंच नाही का जमणार?

जमेल गं. पण सरांचं म्हणणं अगदीच कानामागे टाकू नको, कारण ते सांगतायत ती अडचण खरी आहे, फक्त ती नक्की कुठे आहे हे त्यांनी सांगितलेलं नाही. घोडं अडतं ते मॅथ्सपाशी. बाकी बायोप्रोसेसचा निम्मा विषय तुला आत्ताच येतो, आणि तो निम्मा भाग मेकॅनिकल-केमिकलवाल्या मुलांना शिकवताना माझा घाम निघतो.

एक साधी गोष्ट बघ. तू ई. कोलाय या जिवाणूचा ग्रोथ कर्व्ह काढला असशीलच, दर अर्ध्या तासाने ओडी (कल्चर किती गढूळ झालं त्याचं माप) घेतला असशील आणि सेमी-लॉग पेपरवर पॉइंट टाकले असशील, मधला भाग सरळ रेषेत आला असेल. त्या रेषेचा नॅचरल लॉगमधे काढलेला जो चढ, तोच स्पेसिफिक ग्रोथ रेट, म्हणजे वाढीचा वेग. पेशी जितक्या जास्त तितक्या त्या वेगाने वाढणार, हे वाक्य गणितात लिहिलं की ते डिफरन्शियल इक्वेशन होतं, आणि त्याचं उत्तर म्हणजे तुझी ती सरळ रेषा. वीस मिनिटांत दुप्पट होणाऱ्या कल्चरचा रेट तासाला साधारण २.०८ येतो, दोनाचा नॅचरल लॉग भागिले एक तृतीयांश तास, बस्स. म्हणजे तू हे गणित हाताने केलेलं आहेस, फक्त त्याला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

आता फ्लास्कमधून टाकीत जाऊ, कारण इंजिनिअरिंग तिथे सुरू होतं. शेकरवर अडीचशे मिलीच्या फ्लास्कमधे पन्नास मिली मीडियममधे कल्चर मजेत वाढतं. तेच कल्चर हजार लिटरच्या टाकीत घातलं की गुदमरतं. कारण असं की ३० डिग्रीला पाण्यात हवेतून विरघळणारा ऑक्सिजन लिटरला जेमतेम साडेसात मिलीग्रॅम असतो, आणि चांगलं दाट वाढलेलं कल्चर तासाला लिटरमागे तीन ग्रॅमपर्यंत ऑक्सिजन खाऊ शकतं. भागाकार कर. विरघळलेला सगळा साठा नऊ सेकंदांत संपतो! नऊ सेकंद हवा बंद पडली की कल्चरची वाट लागायला सुरुवात. म्हणून खालून स्पार्जरने बुडबुडे सोडायचे, इम्पेलरने ते बारीक फोडायचे, जितके बारीक तितका पृष्ठभाग जास्त. पण जोरात ढवळलं की मोटरची वीज उष्णता होऊन आत येते, पेशींची स्वतःची उष्णता वेगळीच, आणि फेस होतो तो तिसरा त्रास. त्यात टाकी सगळ्या बाजूंनी दहापट केली तर आतला माल हजारपट होतो आणि थंड करायला भिंत मात्र शंभरपटच मिळते, म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला आधीच्या मानाने दहावा हिस्सा. म्हणून मोठ्या टाक्यांत आत कूलिंग कॉइल घालावी लागते.

हे वाचताना तुला कुठे अडलं का? तो एक लॉग सोडला तर गुणाकार-भागाकाराच्या पुढे आपण गेलोच नाही. पुढे जायचं तेव्हा कॅल्क्युलस लागतं आणि ते शिकावं लागतं, त्याला दुसरी वाट नाही.

तर माझं सांगणं असं की एमटेकला बसायच्या आधी गणिताला एक सबंध वर्ष दे. बालभारतीची बारावी सायन्सची गणिताची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, आणि तुला मराठीतून समजून घ्यायचं असेल तर शेजारच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना गाठ, त्या आनंदाने शिकवतील. भाग दोनमधले डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन आणि प्रोबॅबिलिटी हे धडे सगळी उदाहरणं सोडवत कर, नुसते वाचू नको. भाग एकमधलं मॅट्रिक्स कर. अकरावीच्या पुस्तकातून फंक्शन आणि लिमिट आधी उरकून घे नाहीतर डेरिव्हेटिव्ह डोक्यावरून जाईल. हे झालं की एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर इंजिनिअरिंग मॅथ्सचा आणि बायोकेमिकल इंजिनिअरिंगचा कोर्स घे, शिकायला पैसे लागत नाहीत, फक्त सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची तर फी भरावी लागते. ती परीक्षा दे, कारण तुझ्या मार्कलिस्टवर मॅथ्सचं काहीच नाहीये आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्याला दाखवायला हातात काहीतरी हवं. त्याच्या जोडीला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. तुझाच प्रोजेक्टचा ग्रोथ डेटा घे आणि त्यात मोनोचं समीकरण (खाद्य किती आहे त्यावरून वाढीचा वेग सांगणारं) बसवून बघ, यातून जेवढं शिकशील तेवढं दहा लेक्चरांतून नाही.

आता परीक्षा. गेट ही एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा, त्यात तुझ्यासाठी बीटी पेपर, म्हणजे बायोटेक्नॉलॉजी. शंभर मार्कांपैकी १५ जनरल ॲप्टिट्यूडचे आणि १३ इंजिनिअरिंग मॅथ्सचे, बाकी विषयाचे, त्यात बायोप्रोसेस आहे आणि जेनेटिक्स, रिकॉम्बिनंट डीएनएसारखं तुझ्या ओळखीचंही बरंच आहे. बरीच मुलं एक्सएल म्हणजे लाइफ सायन्सेसचा पेपर देतात कारण त्यात मॅथ्सचा वेगळा भाग नाही, आणि मग एमटेकच्या जाहिराती उघडल्यावर कळतं की बहुतेक ठिकाणी बीटीच मागितलाय. स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे यावर्षी एकदा बसून बघायला हरकत नाही. दुसरी परीक्षा गॅट-बी, डीबीटी म्हणजे केंद्र सरकारच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या मदतीने चालणाऱ्या पीजी अभ्यासक्रमांसाठी. तिचा पहिला भाग बारावीच्या पातळीचा असतो आणि त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोबरोबर मॅथ्सही येतं, म्हणजे वर सांगितलेला अभ्यास इथेही कामी येतो. माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) बायोप्रोसेस टेक्नॉलॉजीचं एमटेक आहे, त्याचं माहितीपत्रक आधी वाच. आणि प्रत्येक ठिकाणी पात्रतेच्या ओळीत ‘एमएस्सी’ आणि त्यापुढे विषय कोणते लिहिलेत हे बोट ठेवून वाच, काही ठिकाणी बारावीला किंवा बीएस्सीला गणित हवं अशी अट असते आणि फी भरल्यावर ती दिसून उपयोग नसतो.

एक गोष्ट मुलांना कुणी आधी सांगत नाही म्हणून जरा मोठ्याने सांगते. एमएस्सी करून एमटेक झालं तरी हातात बीई नसतं. खासगी कंपन्यांत, लस बनवणाऱ्या, एन्झाइम बनवणाऱ्या, त्याने फारसं बिघडत नाही, त्यांना टाकी चालवणारा माणूस हवा असतो. पण सरकारी इंजिनिअरची पदं, पब्लिक सेक्टर कंपन्यांची भरती इथे बीई किंवा बीटेकच मागतात. इंजिनिअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईच्या नियमात बीई आणि एमई दोन्ही लिहिलेलं आहे. तुला शिकवायचंच असेल तर हे आजच माहीत असू दे, एमटेक झाल्यावर कळलं तर फार वाईट वाटतं, मी रडलेल्या मुली बघितल्या आहेत.

दुसरा रस्ता पीएचडीचा, तोही विचारात घे. नेट-जेआरएफ ही फेलोशिपची परीक्षा निघाली तर आयआयटींच्या बायोइंजिनिअरिंग किंवा पर्यावरणाच्या विभागांत एमएस्सीवरून थेट पीएचडीला अर्ज करता येतो, फेलोशिप महिन्याला ३७,००० आहे, एमटेकला गेटवाल्यांना १२,४०० मिळतात. कोर्सवर्कमधे इंजिनिअरिंगचे विषय तिथेही करावे लागतातच. घरची परिस्थिती तू लिहिली नाहीस, पण हा फरक सांगलीच्या मुलीने लक्षात घ्यायलाच हवा असं मला वाटतं.

पर्यावरणाचं नाव आलंच आहे तर, मायक्रोबायोलॉजीवाल्यांनी सांडपाण्याकडे पाठ फिरवू नये. ॲक्टिव्हेटेड स्लज ही पद्धत १९१४ला मँचेस्टरमधे निघाली आणि आजही जगभर शहरांचं पाणी तीच साफ करते, आणि ती चालते निव्वळ जिवाणूंवर. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात तो आकडा, तू लॅबमधे काढलाच असशील, आपल्याकडे २७ डिग्रीला तीन दिवस ठेवून. त्या आकड्यावरून टाकी किती मोठी बांधायची आणि हवा किती सोडायची हे ठरवणं म्हणजे पर्यावरण इंजिनिअरिंग. नागपूरला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, समर इंटर्नशिपसाठी तिथे लिहून बघ.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मुलगा अकोल्यात बीएस्सी बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता म्हणतो यात नोकऱ्या नाहीत, मला कॉम्प्युटरमधे एमटेक करायचं. बीएस्सीनंतर डायरेक्ट होतं का? आम्हाला यातलं काही कळत नाही.

दादा, तीन वर्षांच्या बीएस्सीवरून थेट एमटेकला प्रवेश होत नाही, कुणी एजंट होतं म्हणाला तर पैसे देऊ नका.

बीएस्सीनंतर बीईच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आपल्या राज्यात आहे, डिप्लोमावाली मुलं जातात तीच, पण त्यासाठी बारावीला मॅथ्स असावं लागतं. मुलाचं पीसीएमबी असेल तर हा रस्ता मोकळा आहे, पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स मागून पास व्हावं लागतं एवढंच. पीसीबी असेल तर हे दार बंद.

तेव्हा त्याला आयआयटी मद्रासची ऑनलाइन बीएस डेटा सायन्स दाखवा. बारावी कुठल्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी हवं, जेईई लागत नाही, आधी चार आठवड्यांचा अभ्यास आणि मग पात्रता परीक्षा. परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. २०२२पासून यूजीसीने दोन डिग्र्या एकावेळी करायला परवानगी दिलीये त्यामुळे बॉटनी सोडायची गरज नाही, आणि कृपा करून ती सोडू देऊ नका, दुसऱ्या वर्षात हातची डिग्री टाकून पळत्याच्या पाठी लागू नये. ती पात्रता परीक्षा हीच त्याची खरी कसोटी समजा. गणितात रमला तर पुढे बॉटनीची एमएस्सी न करता पुणे विद्यापीठात बायोइन्फॉर्मॅटिक्सची करता येईल, आणि गेटला २०२४पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा डीए पेपर आहे, त्याला सायन्सच्या मुलांना बसता येतं.

त्याच्याशी एकदा शांतपणे बोला की कॉम्प्युटर आवडतो म्हणून जायचंय की बॉटनीत नोकरी नाही या भीतीने. दोन्ही कारणं रास्त आहेत, पण दुसरं असेल तर शेती, बियाणं, टिश्यू कल्चर यातल्या नोकऱ्या त्याने एकदा जाऊन बघितल्या आहेत का तेही विचारा.

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला तीन वर्षं प्रॅक्टिस करतेय. पेशंटना मिळणारे ब्रेस आणि स्प्लिंट बघून वाटतं हे आपण याहून चांगलं बनवू शकतो. बायोमेडिकल इंजिनिअरिंगला वय निघून गेलं का? आणि डॉक्टर लोकांना इंजिनिअर लोक सिरियसली घेतात का?

वयाचं मनातून काढून टाका. तुमच्यासारखं नेमका प्रॉब्लेम घेऊन येणारं माणूस कुठल्याही विभागाला हवंच असतं.

दुसऱ्या प्रश्नाला एक उदाहरण देते, माझ्या फार जिव्हाळ्याचं आहे. डॉ. एम. एस. वलियाथन हे हृदयाचे सर्जन. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत त्यांनी भारतीय बनावटीची हृदयाची झडप तयार करायचं काम हाती घेतलं कारण बाहेरून येणारी झडप आपल्या पेशंटना परवडत नव्हती. सर्जनला झडप कशी उघडते-मिटते हे माहीत होतं. पण हृदय मिनिटाला ७२ ठोके धरले तरी वर्षाला पावणेचार कोटींच्या वर वेळा ती उघडमीट होते, म्हणजे प्रश्न झाला धातू थकण्याचा, झिजण्याचा, रक्त कुठे थबकतं आणि गुठळी कुठे होते याचा. एकामागून एक तीन मॉडेल बाद झाली. चौथ्यात प्लास्टिकच्या एका फार कणखर जातीची चकती घेतली आणि डिसेंबर १९९०मधे ती पहिल्यांदा माणसात बसवली. आज ती चित्रा झडप म्हणून सगळीकडे बसवतात. यात डॉक्टर एका बाजूला आणि इंजिनिअर एका बाजूला असं राहिलंच नाही, सगळे एकाच टेबलाशी बसून तुटलेला तुकडा बघत होते.

तुम्हाला मेकॅनिक्सची भीती वाटायचं तर काही कारणच नाही. कोपर काटकोनात ठेवून हातात पाच किलोचं डंबेल धरलं, डंबेल कोपरापासून ३५ सेंटिमीटरवर आणि बायसेप्स जोडलेला पाच सेंटिमीटरवर, तर स्नायूला सातपट म्हणजे ३५ किलो इतकं ओढावं लागतं, हाताचं स्वतःचं वजन सोडून. तुम्ही पेशंटला वजन कमी करायला सांगता ते याच हिशोबावर. बायोमेकॅनिक्सचा अभ्यासक्रम इथूनच चालू होतो, पुढे चालताना प्रत्येक सांध्यावर क्षणाक्षणाला काय येतं ते काढतात आणि त्याला व्हेक्टर, कॅल्क्युलस लागतं. मग सांगलीच्या मुलीला दिलेला अभ्यास तुम्हालाही लागू, व्हेक्टरचा धडा जास्तीचा.

आयआयटी मुंबईच्या बायोमेडिकल एमटेकला इंजिनिअरांबरोबर मेडिकल शाखांतली मुलंही घेत आलेत, यंदाच्या माहितीपत्रकात बीपीटीएचचा (तुमच्या फिजिओथेरपीच्या डिग्रीचा) उल्लेख बघून घ्या. गेटला २०२०पासून बायोमेडिकलचा बीएम पेपर आहे पण त्यात सर्किट, सिग्नल भरपूर, तयारीला वेळ ठेवा. खरगपूरचा मेडिकल सायन्स अँड टेक्नॉलॉजीचा कोर्स लोक सुचवतील, तो एमबीबीएसवाल्यांसाठी आहे, तुम्हाला चालणार नाही.

आणि खरं सांगू का, डिग्रीच्या आधी बेटिकचे दरवाजे ठोठावा. आयआयटी मुंबईत २०१४ला सुरू झालेलं हे मेडिकल उपकरणांचं केंद्र आहे, डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र आणून बनवायला लावतात. एका ब्रेसचा फोटो, तो कुठे घासतो, पेशंट तो किती दिवसांनी काढून टाकतो आणि का, एवढं एका पानावर लिहून न्या. असं पान तुमच्याशिवाय दुसरं कुणी लिहू शकत नाही. कदाचित तुम्हाला एमटेक नकोच असेल, एक चांगला डिझाइनवाला जोडीदार हवा असेल, ते तिथे गेल्यावर कळेल आणि प्रॅक्टिसही चालू राहील.

प्रश्न : एमएस्सी बायोटेक, पुण्यात एका लस कंपनीच्या क्यूसीमधे (क्वालिटी कंट्रोल) दोन वर्षं काम. अमेरिकेत बायोमेडिकल किंवा केमिकलमधे एमएस करायचंय. कन्सल्टंट म्हणतो बॅकग्राउंड वेगळं असलं तरी ॲडमिशन होतं, लोन काढा. काढू का?

ॲडमिशन होतं हे खरं आहे. पण कशावर होतं ते विचार त्याला. बऱ्याच ठिकाणी आधी काही विषय झालेले असावे लागतात, मल्टिव्हेरिएबलपर्यंत कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन, कॅल्क्युलसवर आधारित फिजिक्स, थोडं प्रोग्रॅमिंग, केमिकल असेल तर ट्रान्सपोर्ट आणि थर्मो. हे नसेल तर सशर्त प्रवेश देतात आणि पहिलं सेमिस्टर-दोन सेमिस्टर तेच विषय तिथल्या फीमधे करायला लावतात, आणि त्यांचे क्रेडिट एमएसमधे धरतीलच असं नाही. म्हणजे जे गणित तू इथे घरी बसून जवळजवळ फुकटात करू शकतोस त्यासाठी डॉलरमधे कर्ज काढणार. हे मला पटत नाही. बोस्टन युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग न केलेल्यांसाठी लीप नावाचा मुद्दाम आखलेला कार्यक्रम आहे, तो बघ, निदान तिथे काय काय भरून काढावं लागतं याची पूर्ण यादी तुला मिळेल आणि ती यादी इतर अर्जांनाही उपयोगी पडेल. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी फी नसते किंवा कमी असते म्हणून मुलं तिकडे बघतात, पण तिथे तुझ्या मार्कलिस्टमधले मॅथ्स आणि इंजिनिअरिंगचे क्रेडिट मोजतात आणि कमी पडले तर अर्ज सरळ बाजूला ठेवतात, तेव्हा बायोटेक्नॉलॉजी किंवा मॉलिक्युलर बायोलॉजीच्या जवळचे कोर्स निवड.

नोकरी आत्ता सोडू नको. क्यूसीतून अपस्ट्रीमला (पेशी वाढवण्याच्या विभागात) किंवा प्रोसेस डेव्हलपमेंटला बदली मागून बघ, रात्रपाळी असली तरी घे. तिथे रिॲक्टरवर सहा-आठ महिने काढलेस, डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) का पडला, फीड कधी वाढवायचा हे स्वतः बघितलंस, की स्टेटमेंट ऑफ पर्पजमधे लिहायला तुझं स्वतःचं काहीतरी असेल आणि शिफारसपत्र देणारा मॅनेजरही तुझं काम बघितलेला असेल. बदलीचा अर्ज एचआरला पाठवायच्या आधी त्या विभागाच्या मॅनेजरला भेट, त्याच्याकडे माणूस कमी असेल तर तो स्वतःच तुला मागून घेईल.